माशांचं मागाहून, आधी मातीचं बोला!

कोलकात्यात मासा म्हटलं की ताट आठवतं. पण मासा निवांत पाहायचाही असतो, आणि त्याच्याभोवतीची हिरवळ माशाहूनही मजेची असते, हे ओळखून असलेली हौशी मंडळी या शहरात भरपूर. फिशटँकच्या तळाशी साधी माती घालायची, वर वाळू पसरायची, खऱ्या पाणवनस्पती दाटीनं लावायच्या आणि बाकीचं काम त्यांच्यावर सोपवायचं, ही पद्धत आता जगभर रुळली आहे. गंमत म्हणजे तिच्यातली बरीच पात्रं हुगळीच्या काठची निघतात, आणि काहींचे धागे थेट आपल्या कास पठारापर्यंत आणि मराठी व्याकरणापर्यंत पोचतात. एकेकाला भेटू या.

मराठ्यांच्या खंदकाशेजारी

उत्तर कोलकात्यात बागबाजारला लागून गॅलिफ स्ट्रीट आहे. रविवारी सकाळी तिथे हौसेचा बाजार भरतो. हवा भरून फुगवलेल्या पिशव्यांत मासे लटकत असतात, आणि खाली टबांमध्ये पाणवनस्पतींच्या जुड्या भिजत पडलेल्या. याच भागात एका गल्लीचं नाव आहे ‘मराठा डिच लेन’! नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा धास्तावलेल्या कलकत्तेकरांनी १७४२-४३ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाला, मराठे तिकडे फिरकलेच नाहीत आणि काम तिथंच थांबलं. पुढे खंदक बुजवून सर्क्युलर रोड झाला. आज एखादा मराठी माणूस त्या बाजारात जुडीच्या भावावरून घासाघीस करत उभा राहिला, तर त्याला अडवायला खंदक नाही.

पहिल्या टाकीतही चिखलच

लंडनचा रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानं १८५० मध्ये आपला एक प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. सुमारे ५० लिटरचं काचेचं भांडं, तळाशी वाळू, चिखल आणि दगड, त्यात व्हॅलिसनेरियाचं रोप आणि दोन छोटे गोल्डफिश. काही दिवस सगळं छान चाललं, मग कुजक्या पानांनी पाणी बुळबुळीत झालं. वॉरिंग्टननं तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं फस्त केलं, पाणी निवळलं, वर त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली. ना फिल्टर, ना पंप, ना वीज. माती, वनस्पती, मासा आणि गोगलगाय हा चौकोनी संसार तेव्हापासून चालत आला आहे.

जगदीशचंद्रांची हायड्रिला

शाळेतला प्रयोग आठवतो? चंचुपात्रात हायड्रिला, वर उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी आणि उन्हात ठेवलं की बुडबुडे. कापलेल्या देठाच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा धरतो, फुगतो, सुटतो आणि लगेच मागून दुसरा. जगदीशचंद्र बोस यांनी हेच बुडबुडे शास्त्राच्या कामाला जुंपले. बुडबुडा सुटला की त्याची आपोआप नोंद होईल, असं यंत्र त्यांनी बनवलं. १९१७ मध्ये स्थापलेल्या कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधले हे प्रयोग १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावरच्या त्यांच्या पुस्तकात आले.

त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलेपेक्षा वेगळी वागते; तिच्यात मॅलिक आम्ल जास्त असतं आणि कर्ब वापरण्याची तिची तऱ्हाही निराळी. ऊस आणि मका ज्या खास मार्गानं कर्ब पकडतात, तो ‘सी-४’ मार्ग जगाला नीट उमगला १९६० च्या दशकात. बोस त्याच्या उंबरठ्यावर चार दशकं आधीच पोचले होते, असं आजचे अभ्यासक मानतात. पाण्यात कर्बवायूचा तुटवडा पडला की हायड्रिला मार्ग बदलते आणि तगून राहते. टाकीत बाकीची रोपं मलूल झाली तरी ही बाई टवटवीत का, याचं उत्तर यात आहे.

मराठी व्याकरणवाले केरीसाहेब आणि रोटाला

हुगळीपलीकडे शिबपूरला १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किडनं वनस्पती उद्यान उभारलं. आज ते जगदीशचंद्रांच्याच नावानं ओळखलं जातं. विल्यम रॉक्सबर्ग तिथे १७९३ मध्ये आला आणि त्यानं भारतीय वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ लिहिला, ‘फ्लोरा इंडिका’. त्याचा पहिला खंड १८२० मध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. संपादक विल्यम केरी, म्हणजे १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश छापणारे तेच केरी!

फिशटँकवाल्यांची लाडकी रोटाला रोटुंडिफोलिया याच ग्रंथातून शास्त्राच्या नोंदीत आली. नवशिक्याच्या हातूनही न मरणारी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा हीसुद्धा रॉक्सबर्गनं नोंदवलेलीच. ती आपल्या तालिमखान्याच्या कुळातली. कोलकात्याच्या परिसरात ओल्या बांधावर उगवणारं हे रोप युरोप-अमेरिकेच्या टाक्यांत मानानं राहतं.

रोपंही त्याची, मासेही त्याचे

रॉक्सबर्गनंतर थोडे दिवस शिबपूरची बाग सांभाळली ती फ्रान्सिस ब्युकॅनन-हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं. रोटालाच्या शास्त्रीय नोंदीत रॉक्सबर्गच्या जोडीला त्याचंही नाव आहे. पण गड्याचा खरा जीव माशांत. १८१५ मध्ये तो मायदेशी निघाला तेव्हा गव्हर्नर जनरलनं त्याची माशांची चित्रं नेऊ दिली नाहीत. तरीही १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरचं त्याचं पुस्तक एडिंबरात निघालं. त्यात कोण कोण आहे पाहा: झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब, हनी गुरामी, ड्वार्फ गुरामी, बॅडिस, काचेसारखा आरपार दिसणारा ग्लासफिश. मातीच्या टाकीला शोभणारी जवळजवळ सगळी छोटी मंडळी! यातला झेब्रा डॅनिओ पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत शिरला. २०१३ मध्ये त्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, आणि माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुकं त्याच्यात सापडली.

एक इंच माती, एक इंच वाळू

मातीच्या टाकीचं शास्त्र नीट मांडलं डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी, १९९९ च्या आपल्या पुस्तकात. कृती सोपी आहे. खत न घातलेली साधी बागेची माती चाळून इंच-दीड इंच पसरायची. तिच्यावर इंचभर जाडसर वाळू, दुधावर साय धरावी तशी सलग, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. मग पहिल्याच दिवशी रोपं खच्चून लावायची. वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळू धार धरली की पाणी नितळ भरतं.

नियम दोन. शेणखत, गांडूळखत, रासायनिक खत यातलं काहीही नको. त्यातून अमोनिया सुटतो आणि मासे गतप्राण होतात. आणि मासे थोडे व उशिरा.

मासा घाण करतो ते रोपाचं जेवण

माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. साध्या टाकीत जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि फिल्टर असतो तो मुख्यतः या जिवाणूंना घर म्हणून. पाणवनस्पतींना मात्र नायट्रेटपेक्षा अमोनियाच प्रिय. समोर दोन्ही असले तर बहुतेक जाती आधी अमोनिया उचलतात. म्हणजे विष तयार होताच गट्टम. दाट लागवड हाच इथला फिल्टर.

दुर्गेची माती, टाकीची माती

गॅलिफ स्ट्रीटहून चालत जाण्याच्या अंतरावर कुमारटुली आहे, मूर्तिकारांची वस्ती. तिथे दोन मातींचं काम चालतं: चिकट ‘एंटेल’ आणि रेताड ‘बेले’. चिकणमाती उलुबेरियाकडून होड्यांतून येते. गंगेच्या गाळात चिकणमातीचे कण मुबलक असतात, आणि त्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे अमोनियम, पोटॅशियम, लोह अशी धनभारित पोषकं त्यांना चिकटून राहतात आणि मुळं ती लागतील तशी काढून घेतात. नुसत्या धुतलेल्या वाळूत ही सोय नाही. मात्र विसर्जनानंतरची रंग लागलेली माती टाकीत घालू नका. रंगातले जड धातू माशांना बाधतात.

बुडालेल्या मातीचा स्वभाव फिरतो

माती पाण्याखाली गेली की काही दिवसांतच तिच्यातला प्राणवायू संपतो. मग जिवाणू श्वासासाठी गंजलेलं लोह वापरू लागतात. न विरघळणारं लोह विरघळतं, त्याला धरून बसलेला फॉस्फरसही सुटतो आणि मुळांची चंगळ होते. बंगालच्या भूजलात आर्सेनिक उतरतं त्यामागचं सर्वमान्य कारणही हेच: गाळातलं लोह विरघळताना त्याला चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं. एकच रसायनशास्त्र, टाकीत वरदान आणि बोअरवेलमध्ये शाप.

प्रकरण हाताबाहेर जाऊ नये म्हणून मुळं स्वतःच पहारा ठेवतात. पानांत तयार झालेला प्राणवायू पोकळ देठांतून खाली येतो आणि मुळांवाटे मातीत झिरपतो. काचेला लागून वाढलेल्या मुळावर तांबूस गंज दिसला तर समजा, काम चोख चालू आहे. सडक्या अंड्याचा वास आला तर मातीचा थर जाड झालाय किंवा रोपं कमी पडली आहेत.

दुपारी १ ते ४ बंद

पुणेकरांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही, आणि कोलकात्यातही जेवणानंतरच्या झोपेला फार मान. वॉलस्टॅडबाईंनी तीच सवय टाकीला लावली. हवेच्या मानानं पाण्यात कर्बवायू सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. सकाळच्या काही तासांत रोपं पाण्यातला साठा संपवतात, आणि मग नुसता दिवा जळत ठेवला तर फावतं ते शेवाळाचं. म्हणून दुपारी चारेक तास दिवा बंद. तेवढ्या वेळात मातीतल्या कुजण्यातून आणि माशांच्या श्वासातून कर्बवायू पुन्हा जमतो आणि संध्याकाळची पाळी जोमात सुरू होते. टायमर लावा आणि तुम्हीही आडवे व्हा.

व्हॅलिसनेरियाचं लग्न

लांब फितीसारखी पानं असलेल्या या रोपाला इटालियन डॉक्टर अँतोनिओ व्हॅलिसनेरी याचं नाव मिळालं. त्याचं लग्न पाण्याच्या पृष्ठभागावर लागतं. मादी फूल लांबलचक देठावर चढून वर येतं आणि पाण्याच्या पापुद्र्यावर बारीकसा खळगा पाडून बसतं. नर फुलं तळाशी देठावरून सुटतात, कळीच्या रूपात वर येतात, उमलतात आणि होडीसारखी भटकतात. त्यातलं एखादं त्या खळग्याच्या काठाशी आलं की घसरून थेट नवरीच्या पुढ्यात! लग्न लागलं की मादीचा देठ गुंडाळत जातो आणि फळाला खाली पाण्यात ओढून नेतो.

सुंदरबनची आणि कोकणची

क्रिप्टोकोरिन ही मातीच्या टाकीची राणी, कारण ती जेवते मुख्यतः मुळांनी. तिच्यातली सिलिआटा ही जात सुंदरबनच्या खाड्यांत, चक्क मचूळ पाण्यात वाढते. तिचं वर्णनही रॉक्सबर्गनंच केलं. फुलाच्या कडेला झालर असते, आणि बी फळातून सुटतं तेव्हाच कोंबाच्या पानांचा झुबका तयार असतो. भरती-ओहोटीच्या चिखलात उगवायला वेळ कुठला? आपल्याकडेही ही भावंडं आहेत. क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा ही जात तर फक्त पश्चिम घाटातली, कोकणातल्या ओढ्यांत सापडते.

पानं विरघळली? उपटू नका!

दुकानातून आणलेलं टवटवीत रोप आठवड्यात गळून जातं आणि माणूस खट्टू होतो. कारण साधं आहे. रोपवाटिकेत ही रोपं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. वाढ झटपट होते आणि शेवाळ धरत नाही. पाण्याखाली गेल्यावर ती जाड पानं निरुपयोगी ठरतात. रोप ती टाकून देतं आणि पातळ, पाण्याला साजेशी नवी पानं काढतं. क्रिप्टोकोरिन तर नुसती जागा बदलली तरी पानं गाळते. मुळं घट्ट असतील तर धीर धरा, कुजकी पानं तेवढी काढा.

अर्धी टाकी, अर्धी भाजी

टाकीतली बाकोपा म्हणजे आपली नीरब्राह्मी. कोलकात्याच्या बाजारात ती ब्राह्मी शाक म्हणून विकली जाते. कडूसर, तुपात परतून भाताबरोबर. तिच्या शेजारी कलमी शाक असतं, म्हणजे आपली नाळीची भाजी, तीही पाण्यातलीच. एकच नीरब्राह्मी बांधावर रांगते आणि टाकीत ताठ उभी राहते. मात्र फिशटँकच्या बाजारातली जुडी पोटात घालू नका. तिच्यावर कोणतं औषध मारलंय याचा भरवसा नाही.

बिनपगारी नांगरे

लांबट शंखाची मलेशियन ट्रम्पेट गोगलगाय नावानं परदेशी, पण भारतातल्या तळ्यांतही मूळचीच. दिवसभर ती वाळूखाली असते आणि तिच्या हिंडण्यानं तळ आपोआप उकरला जातो. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि मादीला नराचीही गरज पडत नाही. म्हणून एक आणली की पुढे मोजदाद सोडून द्यायची. फार माजल्या तर समजा, तुम्ही माशांना गरजेपेक्षा जास्त खायला घालताय.

गालिचा, पण मांसाहारी

टाकीच्या तळाला हिरवळीसारखी पसरणारी एक वनस्पती आहे, युट्रिक्युलारिया ग्रामिनिफोलिया. कास पठारावर निळी-जांभळी फुलणारी ‘सीतेची आसवं’ तिचीच बहीण. या कुळाच्या अंगावर इवल्या पिशव्या असतात. सूक्ष्म जीव दाराशी येऊन केसाला लागला की मिलिसेकंदाच्याही आत पिशवी त्याला आत खेचते. ही मात्र सुपीक मातीवर रुसते. शिकार करून पोट भरणाऱ्यांना गरिबी मानवते.

कासवरच ‘वायतुरा’ही आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. तुऱ्याला दोन फाटे फुटलेली ही जात १९८२ मध्ये शास्त्राच्या नोंदीत आली आणि ती पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाही. जमिनीत कंद करून ती कोरडे महिने झोपून काढते. टाकीसाठी तिच्याकडे बघूही नका. बाजारात रोपवाटिकेतली दुसरी अपोनोजेटॉन मिळतात.

सायकलवीराचं पाण्याखालचं जंगल

फिशटँकची बाग ही कला आहे हे जगाला पटवलं जपानच्या ताकाशी अमानो यांनी. आधी ते व्यावसायिक सायकल शर्यतपटू होते, मग छायाचित्रकार. त्यांचं अखेरचं मोठं काम लिस्बनच्या मत्स्यालयात आहे: ४० मीटर लांब आणि १ लाख ६० हजार लिटरची टाकी, २०१५ सालची. त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या पद्धतीत नळकांड्यातला कर्बवायू लागतो, झगझगीत दिवे लागतात, आणि तळाला असते ती भाजून दाणेदार केलेली मातीच. एवढा थाट करूनही पाया तोच.

१२५ चौरस किलोमीटरची टाकी

या सगळ्याचा बाप कोलकात्याच्या पूर्वेला पसरला आहे. शहराचं सांडपाणी ‘भेरी’ नावाच्या उथळ तळ्यांत सोडतात. ऊन, शेवाळ आणि जिवाणू ते साफ करतात, आणि त्यावर रोहू-कटला पोसले जातात. काठाला जलपर्णीची झालर राखतात, म्हणजे लाटांनी बांध ढासळत नाहीत. राज्य सरकारचे अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी या व्यवस्थेचं शास्त्र जगापुढे मांडलं. १९९० मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा ग्लोबल ५०० सन्मान मिळाला आणि २००२ मध्ये हे क्षेत्र पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. मातीच्या टाकीत जे घडतं तेच इथे एका महानगरासाठी घडतं, आणि ताटातला मासाही त्यातूनच येतो.

जिच्यावर निवडणूक लढली गेली

त्याच जलपर्णीची दुसरी बाजूही पाहा. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या या ‘कचुरीपाना’नं बंगालच्या खाड्या तुंबवल्या, भातशेती बुडवली, होड्या अडवल्या. १९२१ मध्ये तिच्यावर उपाय शोधायला समिती नेमली, अध्यक्ष पुन्हा जगदीशचंद्र बोस. १९३६ मध्ये खास कायदा झाला आणि १९३७ च्या निवडणुकीत पक्षांनी तिच्या निर्मूलनाची आश्वासनं दिली. उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. १९५० च्या दशकात फिशटँकच्या व्यापारातून फ्लोरिडात गेलेली हायड्रिला तिथली तळी गिळत सुटली. आज हायड्रिला आणि आपली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा या दोघीही अमेरिकेच्या उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत आहेत.

आपल्याकडे पवना, मुळा, इंद्रायणी दरवर्षी जलपर्णीनं झाकल्या जातात, ते आपण पाहतोच. तेव्हा टाकीतली छाटणी नाल्यात, तळ्यात किंवा नदीत टाकू नका. ती उन्हात कडकडीत वाळवा आणि कुंडीत घाला. झकास खत होतं. जास्तीची रोपं मित्रांना वाटा, नकोसे झालेले मासे आणि गोगलगायी दुकानदाराला परत द्या. बाग काचेच्या आत आहे तोवरच ती बाग आहे.